पार्किंगमधलं पिल्लू घरी आणलंय, आणि ते मशीनमागून बाहेरच येत नाहीये

तुम्ही लिहिलंय ते सगळं नीट वाचलं. ठाण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट, घरात तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई, घर पूर्ण शाकाहारी, याआधी कधी मांजर पाळलेलं नाही. पार्किंगमध्ये स्कूटरखाली ओरडत बसलेलं साधारण दोन महिन्यांचं पिल्लू वॉचमनने तुमच्या हातात दिलं, आई दोन दिवस दिसली नव्हती. आज तिसरा दिवस, ते वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसलंय, हात घातला की फिसकारतं, रात्री मात्र ओरडतं. दूध-पोळी दिली तर जुलाब झाले. तुम्हाला तिसरा महिना आहे आणि नातेवाईक म्हणतायत की आधी त्या मांजराला बाहेर काढा. मी गेली एकोणीस वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतेय, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रस्त्यावरची पिल्लं सांभाळण्यातही गेली, त्यामुळे सगळ्या प्रश्नांना एकेक करून उत्तर देते, थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

आधी मशीनमागचं. ते घाबरलंय, रागावलेलं नाहीये. परवापर्यंत त्याचं जग म्हणजे एक पार्किंग, आईचा वास आणि भावंडं एवढंच होतं आणि अचानक मिक्सर, कुकरची शिट्टी, लिफ्टचा आवाज, मोठमोठी माणसं. मांजराची जात भीती वाटली की लपते, अंधाऱ्या अरुंद जागेत पाठ भिंतीला लावून बसते. हे चांगलं लक्षण आहे असं समजा, त्याला जीव वाचवायचं कळतंय. आता काय करायचं, तर त्याला ओढून काढायचं नाही. हात घालून मानेला पकडून बाहेर काढलंत की पुढचे पंधरा दिवस तो हात त्याच्या लक्षात राहतो. फक्त मशीनची मागची जागा धोक्याची आहे म्हणून आज एकदाच, जाड टॉवेल टाकून, हळू उचलून त्याला दुसरीकडे न्या, छोटी बेडरूम किंवा जास्तीचं बाथरूम असेल तर उत्तम. घरभर मोकळं सोडू नका, पहिले आठ-दहा दिवस एकच खोली. एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, त्यात तुमचा जुना न धुतलेला टीशर्ट किंवा सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घाला, म्हणजे झोपताना तुमचा वास त्याच्या नाकात जाईल. एका कोपऱ्यात जेवण-पाणी, अगदी समोरच्या कोपऱ्यात शी-शूची पेटी. दाराखाली फट असेल तर टॉवेल कोंबा.

मग रोज तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसायचं. बस, एवढंच. फोनवर बोला, काहीतरी मोठ्याने वाचा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. नजर भिडली तर डोळे हळूच मिटायचे आणि हळूच उघडायचे. मांजरांच्या भाषेत टक लावणं म्हणजे धमकी आणि असे सावकाश मिटलेले डोळे म्हणजे मी तुला काही करणार नाही. जेवण नेहमी तुम्ही असतानाच समोर ठेवा आणि वाटी रोज अर्धा हात तुमच्याकडे सरकवा. मुलुंडच्या एका घरात असाच एक पिवळा बोका फ्रिजमागे अकरा दिवस होता, घरच्यांनी मला रोज फोन केला की डॉक्टर याला परत सोडू का, मी रोज तेच सांगितलं की थांबा. बाराव्या दिवशी तो घरातल्या आजोबांच्या पायावर डोकं घासून गेला, आज सात वर्षांचा आहे. पिल्लं दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसांना सगळ्यात पटकन सरावतात, तुमच्या पिल्लाचा तो काळ नुकताच संपलाय म्हणून थोडा जास्त वेळ लागेल, पण दोन महिन्यांचं पिल्लू माणसाळतं, याबद्दल मला अजिबात शंका नाही.

मशीनवरून आठवलं, आजपासून मशीन लावण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून बघायची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्या, मांजराला कपड्यांत झोपायला आवडतं. आणि सोसायटीत इतर पिल्लं असतील तर पावसाळ्यात-थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, इंजिनच्या उबेला आत जाऊन बसतात.

आता खाणं. तुम्ही लिहिलंय की सकाळी वाटीतले दाणे थोडे कमी झालेले दिसतात, म्हणजे रात्री खातंय, चांगलं आहे. कारण खरी काळजीची गोष्ट लपणं नाही, न खाणं ही आहे. एवढ्या लहान पिल्लाने पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, सरळ डॉक्टर. मोठ्या मांजरानेसुद्धा दोन दिवस तोंडाला काही लावलं नाही तर त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते, जाड मांजर असेल तर जास्तच, आणि ते मग सलाईन आणि नळीवर जातं. माणसासारखा उपास त्यांना झेपत नाही.

दूध आजच बंद करा. मला माहितीये की आपल्याकडे मांजर म्हटलं की दुधाची बशी डोळ्यासमोर येते, मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हणच आहे, आणि सासूबाईंनी मायेनेच दिलं असणार. पण आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या पोटात दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, गाई-म्हशीचं दूध आतड्यात तसंच पडून राहतं, आंबतं आणि जुलाब होतात. आठशे-नऊशे ग्रॅमच्या जिवाला दोन दिवसांचे जुलाब म्हणजे शरीरातलं पाणी संपणं. मानेवरची कातडी चिमटीत हलकेच वर ओढून सोडा, पटकन जागेवर गेली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी झालंय आणि तेव्हा घरी काही करत बसू नका. दूध बंद करून एका दिवसात शी घट्ट व्हायला लागली पाहिजे, नाही झाली किंवा त्यात रक्त दिसलं तर शी एका डबीत घेऊन डॉक्टरकडे जा.

पोळीने काय बिघडतं असंही विचारलंय. पोळीने विष होत नाही पण पोट भरतं आणि मिळत काही नाही. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, कुत्र्यासारखा थोडं हे थोडं ते खाऊन जगणारा नाही. टॉरिन नावाचा एक घटक असतो, मांसात असतो, डाळ-भात-पोळीत नसतो, मांजराचं शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही. तो मिळाला नाही की महिन्या-वर्षांत डोळ्याचा पडदा खराब होऊन आंधळेपण येतं आणि हृदय फुगून ढिलं पडतं. हे हृदयाचं कारण १९८७ मध्ये अमेरिकेत सापडलं, त्यानंतर कंपन्यांनी कॅटफूडमध्ये टॉरिन वाढवलं आणि तो हृदयरोग खूपच कमी झाला. मी मात्र तो अजूनही बघते, वर्षानुवर्षं दूध-भातावर ठेवलेल्या मांजरांमध्ये. कुत्र्याचं फूड स्वस्त पडतं म्हणून तेही देऊ नका, कारण तेच.

शाकाहारी घराचा प्रश्न खरा आहे आणि तो मी कधी हसण्यावारी नेत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात काही शिजवायची गरज नाही. पिल्लांसाठीचं कोरडं फूड आणि ओल्या फूडचे पाऊच घ्या, पाकिटावर पिल्लांसाठी आणि संपूर्ण आहार असं लिहिलेलं हवं, त्याची वाटी-चमचा वेगळा ठेवा, बाथरूमच्या बेसिनमध्ये धुवा. माझ्या कितीतरी जैन आणि ब्राह्मण घरातल्या पेशंटांकडे असंच चालतं, आजी पाऊच फाडायला हात लावत नाहीत पण वाटी रिकामी झाली की तीच आजी सगळ्यात आधी हाक मारते. पण मांजराला शाकाहारी करू असं ठरवणार असाल तर मग कृपा करून मांजर पाळू नका, ससा पाळा. नुसतं उकडलेलं चिकन रोज द्यायचं असंही नाही, त्यात कॅल्शियम नसतं, वाढत्या पिल्लाची हाडं काडीसारखी मोडतात.

दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, सहा महिन्यांनंतर दोन-तीन वेळा पुरे, वर्षभर पिल्लांचंच फूड. किचनमधल्या वजनकाट्यावर डबा ठेवून दर रविवारी वजन करा आणि वहीत लिहा. या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. वजन दोन आठवडे तिथेच अडकलं तर वरून कितीही खेळकर दिसलं तरी आत काहीतरी आहे, बहुतेक वेळा जंत. पाणी जेवणाच्या वाटीपासून थोडं लांब, पसरट भांड्यात, मातीचं परळ मिळालं तर फारच छान, उन्हाळ्यात गार राहतं. मांजरं मुळात पाणी कमी पितात म्हणून रोज थोडं तरी ओलं फूड पोटात गेलं पाहिजे, नुसत्या कोरड्या दाण्यांवर वर्षानुवर्षं ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

शी-शूची पेटी. साधं प्लास्टिकचं घमेलं किंवा ट्रे चालतो, पिल्लाला चढता येईल इतका कमी उंच. त्यात तीन-चार बोटं लिटर, म्हणजे शी-शू शोषून घ्यायला ट्रेमध्ये भरतात ते दाणे किंवा माती. गोळा होणारं मातीचं लिटर पिल्लं कधीकधी चाटतात-खातात आणि ते पोटात फुगतं, म्हणून अजून महिनाभर लाकडाच्या भुश्याचे दाणे वापरा, किंवा बांधकामाची बारीक रेती धुऊन वाळवून. शिकवावं लागत नाही, जेवण झालं की उचलून ट्रेमध्ये ठेवा, एक-दोनदा पंजाने उकरून दाखवा, उकरून पुरायची सवय त्यांच्या रक्तात असते. रोज दोनदा काढायचं, आठवड्याला ट्रे साबणाने धुवायचा. वास येणारं सुगंधी लिटर घेऊ नका, आपल्याला छान वाटतं, त्यांना नकोसं होतं आणि मग ते सोफ्यामागे जाऊन बसतात. कुठल्याही मांजराने घरात ट्रेबाहेर शू केली तर आधी रागावू नका, आधी बघा ट्रे घाण आहे का, जेवणाजवळ आहे का, की त्याला शू करताना दुखतंय.

इथे जरा थांबते, कारण हे पिल्लू बोका आहे असं तुम्ही म्हणताय. बोका मोठा झाल्यावर, साधारण वर्षभरानंतर कधीही, ट्रेमध्ये जाऊन पुन्हा पुन्हा बसला, जोर करतोय, ओरडतोय, शूची जागा चाटतोय आणि थेंब-थेंबच येतंय किंवा काहीच येत नाहीये, असं दिसलं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. रात्री दोन वाजता असला तरी. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, खडे आणि चिकट कचरा अडकून बंद पडते, लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडतं. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ त्यांचा चार वर्षांचा बोका सोमवारी सकाळी घेऊन आले, शनिवारपासून ट्रेमध्ये बसून कुंथत होता, त्यांना वाटलं बद्धकोष्ठ आहे म्हणून इसबगोल देत राहिले. मी नळी घातली, सगळं केलं, दुपारी गेला तो. अत्यंत प्रेमाने वाढवलेला बोका होता. त्या दिवसापासून मी बोका असलेल्या प्रत्येक घराला पहिल्याच भेटीत हे सांगते, ऐकायला नको वाटलं तरी. मांजर आजारपण लपवतं, शेवटपर्यंत लपवतं, तोंडाने सांगत नाही, ते सांगतात वाटी आणि ट्रे. रोज किती खाल्लं आणि ट्रेमध्ये किती गोळे निघाले एवढं ज्याच्या लक्षात आहे त्याचं मांजर माझ्याकडे वेळेत येतं.

औषधांचंही याच कळकळीने सांगते. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल द्यायची नाही, क्रोसिन नाही, डोलो नाही, लहान मुलांचं सिरपही नाही, चतकोर गोळीही नाही. माणसाच्या लिव्हरमध्ये ती मोडायची जी यंत्रणा आहे ती मांजरात जवळपास नाहीच. एका गोळीने मोठं मांजर जाऊ शकतं, रक्त ऑक्सिजन वाहणं सोडून देतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. मुळात मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०० ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नॉर्मल. चुकून दिली गेलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता लगेच या, उतारा आहे, पण पहिल्या काही तासांत.

फरशी पुसायचं फिनाईल त्या खोलीत बंद, पंजे चाटतात आणि ते पोटात जातं, साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. कपाटातल्या डांबरगोळ्या काढून टाका. कुत्र्यांसाठी मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, मांजराला झटके येतात, पिसवांसाठी डॉक्टर वजन बघून वेगळं देतील. बुकेमध्ये येते ती लिली घरात नकोच, पराग अंगावर पडून चाटले तरी किडन्या जातात. कांदा-लसूण घातलेलं काही नाही. आणि दोरा! राखीचा रेशमी दोरा, हाराचा दोरा, शिवणाचा दोरा, मांजा, केसांचं रबर. खेळता खेळता गिळतात, आतडं चुण्या पडून कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका, तसंच घेऊन या.

सातव्या मजल्याचं वाचून मी आधी तेच लिहिणार होते. जाळी लागेपर्यंत बाल्कनीचं दार आणि खिडक्या बंद, एकही अपवाद नाही. मांजर कसंही पडलं तरी पायावर पडतं आणि वाचतं हे लोक फार सहज बोलतात. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या दवाखान्यातला एक अभ्यास छापून आला होता, उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा, त्यातली उपचार केलेली ९० टक्के जगली, त्यावरून हे पसरलं. पण जी जागेवरच गेली ती दवाखान्यात आणलीच गेली नाहीत ना, आणि जी जगली त्यांची छाती फुटलेली, टाळू दुभंगलेली, पाय मोडलेले होते. माझ्याकडे दर पावसाळा संपला की अशी मांजरं येतात, खिडक्या उघड्या राहतात आणि कबुतर दिसलं की ते मागचंपुढचं बघत नाहीत. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी नाहीपेक्षा बरी, पण मोठं मांजर ती चावून तोडू शकतं, दर महिन्याला हात फिरवून बघा, परवडत असेल तर स्टीलची तारजाळी लावा. सरकत्या खिडकीची एक बोट फटसुद्धा पिल्लाला पुरते.

लसी. आठ-नऊ आठवड्यांना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. ही तीन आजारांची एकत्र लस असते, त्यातला पॅनल्यूकोपेनिया सगळ्यात भयानक, त्याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात, उलट्या-जुलाब होऊन लस न घेतलेलं पिल्लू दोन-चार दिवसांत जातं. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, म्हणून ज्यांच्या घरी नुकतंच या आजाराने पिल्लू दगावलंय त्यांना मी लगेच दुसरं आणू देत नाही. रेबीजची लस बारा आठवड्यांना, मग दरवर्षी. मांजर घराबाहेर जात नाही म्हणून रेबीज नको असं म्हणू नका. जंताचं औषध आधी पंधरा-पंधरा दिवसांनी दोन-तीनदा, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला, डोस वजनावर असतो म्हणून मेडिकलमधून अंदाजाने आणू नका. जुलाब थांबल्याशिवाय लस देत नाहीत, म्हणून पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि जंताचं औषध झालं तर डॉक्टर चालढकल करतायत असं समजू नका.

पाचव्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, बोक्याला कशाला करायचं, हे दोन्ही मी रोज ऐकते. भाटी चार-पाच महिन्यांत माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पार्किंगमध्ये तुम्हाला सापडलं तसं पिल्लू नेमकं तिथूनच येतं. ऑपरेशन न केलेला बोका भिंतींवर फवारे मारतो, तो वास जात नाही, आणि भांडणांत चावून घेऊन आजार घेऊन येतो. शिवाय दोन महिन्यांत बोका-भाटी ओळखण्यात चांगल्या चांगल्यांची गफलत होते, तेव्हा नाव जरा दोन्हीकडे चालेल असं ठेवा.

आता तुमच्या बाळाचा प्रश्न, तो मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलाय कारण तो शांतपणे वाचायला हवा. नातेवाईक ज्याला घाबरतायत तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, भीती अगदीच खोटी नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते. पण तो मांजराच्या केसांतून, श्वासातून, मांडीवर बसण्यातून येत नाही, तो येतो शीमधून, तेही मांजराला आयुष्यात पहिल्यांदा लागण झाल्यावरचे साधारण एक ते तीन आठवडे. आणि शी बाहेर पडल्यावर तो लगेच लागत नाही, त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला तर धोका खूपच कमी होतो. बहुतेक लोकांना तो कच्च्या-अर्धवट शिजलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा मातीतून लागतो. तरीही मी तुम्हाला काहीच नाही म्हणून उडवून लावणार नाही, कारण पार्किंगमधलं, उंदीर-पाली खाल्लेलं असू शकेल असं पिल्लू हेच नेमकं ते पसरवायच्या वयाचं असतं. तेव्हा बाळ होईपर्यंत ट्रेला तुम्ही हात लावायचा नाही, मिस्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ साफ करायचा, शी पिशवीत बांधून कचऱ्यात, संडासात टाकायची नाही. पिल्लाला कच्चं मांस नाही, बाहेर सोडणं नाही. तुम्ही त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, कुंड्यांच्या मातीत ग्लोव्हज घाला, भाज्या नीट धुवा. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा घरात मांजर आलंय आणि टॉक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी विचारा, आधी होऊन गेलेला असेल तर काळजी आणखीच कमी. माझ्याकडच्या कितीतरी जणींनी मांजरं सांभाळत बाळंतपणं केली आहेत.

ओरखडा किंवा चावा मात्र लपवू नका. रस्त्यावरून आलेलं पिल्लू आहे, रक्त आलेलं असो वा नसो, जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू करा, ती गरोदरपणात चालतात. तीन दिवसांत तुम्हाला नख लागलंय का हे तुम्ही लिहिलं नाहीत, लागलं असेल तर हे वाचून झाल्यावर आधी तेवढं करा. पिल्लाच्या कानामागे, नाकावर, पंजांवर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो गजकर्ण, माणसांना लागतो, बरा होतो, पण औषध होईपर्यंत त्याला बिछान्यात घेऊ नका.

आणि हे सगळं वाचूनसुद्धा घरात एकमत झालं नाही, नाहीच जमणार असं वाटलं, तर त्यात लाज वाटून घेऊ नका, चांगलं घर शोधून द्या, तोपर्यंत सांभाळा. फक्त परत पार्किंगमध्ये किंवा मासळीबाजारात नेऊन सोडू नका. पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे.

रात्रीच्या ओरडण्याचं राहिलं. आईला हाका मारतंय ते. झोपायच्या आधी काठीला चिंधी बांधून दहा-पंधरा मिनिटं खेळवा, पण तुमच्या हाताने-बोटांनी खेळवू नका, आज गंमत वाटते, सहा महिन्यांनी तेच दात खोल जातात. खेळलं की लगेच जेवण, मग ते अंग चाटेल आणि झोपेल. गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून खोक्यात ठेवली तर अंगाला चिकटून झोपतं. सोफा वाचवायचा असेल तर एका पाटावर गोणपाट ठोकून किंवा टेबलाच्या पायाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून द्या, त्याची पूर्ण उंची ताणता येईल इतकं उंच. आंघोळ नको, ते स्वतःच स्वतःला साफ करतं, आणि एवढ्या लहान जिवाला गारठा बाधतो.

उद्या दवाखान्यात नेताना हातात किंवा पिशवीत नेऊ नका, रिक्षातून उडी मारून गेलेली पिल्लं परत सापडत नाहीत. कॅरियर नसेल तर भाजीच्या प्लास्टिकच्या दोन बास्केट एकमेकींवर उपड्या ठेवून चारही बाजूंनी दोरीने बांधा, आत तोच टीशर्ट, वरून ओढणी झाका म्हणजे अंधारात शांत बसेल. सोबत आजच्या शीची डबी आणि वजनाची वही. दवाखान्यात कुत्री असतील तर बास्केट जमिनीवर ठेवू नका, मांडीवर किंवा खुर्चीवर ठेवा. आणि तुम्ही स्वतः जाण्यापेक्षा मिस्टरांना पाठवा, तुम्ही घरी खोलीत ट्रे कुठे, खोका कुठे हे फक्त सांगा, मांडणी सासूबाईंना करू दे, म्हणजे ते परत आल्यावर पहिली वाटी त्याच पुढे सरकवतील.